दत्तावसर

'नोकरी सांभाळून तुम्ही लिहिता तरी केव्हा?' हा प्रश्न मला आजवर इतक्यांनी विचारला आहे की, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले पुढचे वाक्य मी सांगू शकतो. विचारणारा साहित्यप्रेमी असला तर ते वाक्य असते, 'नोकरी नसती तर किती लिहिले असते हो तुम्ही!' कचेरीतला सहकारी असला तर, 'म्हणजे हे महाशय कचेरीत काम करतात केव्हा?' आणि सासरकडचा पाहुणा असला तर, 'म्हणजे घरात यांचे लक्ष असते तरी केव्हा?' तिघांचाही समज एकच असतो. माणसाजवळ वेळेचे एक ठरलेले गाठोडे आहे, आणि कथालेखक त्यातले दोन-चार तास कुणाच्या तरी वाट्यातून उचलून नेतो, असा तो समज. पहिल्याला वाटते मी वाङ्मयाचे चोरतो, दुसऱ्याला वाटते सरकारचे आणि तिसऱ्याला वाटते त्यांच्या मुलीचे.

वाशीम जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांत माझी तेवीस वर्षे गेली. १९९८ च्या जुलैत अकोल्यातून वाशीम वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी लागलो. मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर अशा बदल्या होत होत आता अव्वल कारकुनीपर्यंत आलो आहे. या तेवीस वर्षांत दोन कथासंग्रह झाले. हा हिशेब मोठा नाही, पण बुडीतही नाही. वरच्या तिघांना द्यायला नेमके उत्तर मात्र माझ्याजवळ पुष्कळ वर्षे नव्हते. ते मला सापडले एका हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात. आणि गंमत अशी की, त्या पुस्तकात आमच्या गावाचेही नाव आहे.

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त वाशीमचे जुने नाव येते, वत्सगुल्म. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशी भटकायला निघतो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि त्याच्यामागे पाठवते. ती प्रांतोप्रांती त्याच्या पाठोपाठ जाते, आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह होतो, अशी कथा आहे. त्याच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकात, इथून राज्य करणाऱ्या सर्वसेन या वाकाटक राजाने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य रचले होते. ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या पंडितांनी केलेल्या उल्लेखांतून आपण ते ओळखतो. राज्य करणे ही काही लहानसहान नोकरी नव्हे. तेव्हा नोकरी सांभाळून लिहिण्याची या गावची वहिवाट चांगली सोळाशे-सतराशे वर्षांची आहे, असे म्हणायला माझ्यासारख्या महसुली माणसाची हरकत नाही.

याच पुस्तकात राजशेखराने कवींची एक वर्गवारी केली आहे. तीही कोण कसे लिहितो यावरून नव्हे, तर केव्हा लिहितो यावरून. पहिला असूर्यंपश्य. हा सूर्याचेही तोंड न पाहता आतल्या खोलीत बसून निष्ठेने रचना करतो. सगळा काळ त्याचाच. दुसरा निषण्ण, याला लहर लागेल तेव्हा तो बसतो. चौथा प्रायोजनिक, एखादे निमित्त निघाले की त्यावर लिहिणारा. आणि तिसरा दत्तावसर. सेवेला वगैरे बाध न आणता जो काव्य करतो, तो दत्तावसर. ही व्याख्या प्रथम वाचली तेव्हा कुणीतरी माझे सेवापुस्तक उघडून त्यात हवी होती ती नोंद घातल्यासारखे मला वाटले. 'फावल्या वेळात लिहिणारा' म्हणून जो शिक्का आम्हां मंडळींवर बसतो, त्याऐवजी केवढे अब्रूदार नाव हे!

राजशेखर नुसते नाव देऊन थांबत नाही, दत्तावसराला वेळाही काढून देतो. रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा अर्धा भाग, कारण तो सरस्वतीचा मुहूर्त. जेवणानंतरचा वेळ, कारण पोट भरले की जीव स्वस्थ होतो. आणि पालखी-मेण्यातून प्रवास करतानाचा वेळ, कारण तेव्हा बाकीचे विषय दूर झालेले असतात आणि मन जिथे लावावे तिथे गुळवेलीसारखे चिकटून बसते. आणखी एक वेळ त्याने सांगितली आहे, ती विवाहित वाचकांनी मूळ ग्रंथातच पाहावी.

ही यादी मी वाशीमला लावून पाहिली. प्रहर म्हणजे तीन तास. त्याचा अर्धा म्हणजे दीड तास. पहाटे साडेचार ते सहा. तेवीस वर्षे माझा लिहिण्याचा वेळ हाच आहे. जेवणानंतरच्या वेळेविषयी मात्र माझे राजशेखराशी जमत नाही. ज्वारीची भाकर, वरण आणि ठेचा पोटात गेल्यावर वाशीमच्या एप्रिल-मेमध्ये जी स्वस्थता येते तिला वऱ्हाडात झोप म्हणतात. पण मेण्याचे म्हणणे सोळा आणे खरे. रिसोडला नोकरी असताना वाशीमहून एसटीने जाऊन-येऊन करीत असे. तास-सव्वा तासाचा तो प्रवास, खिडकीबाहेर सोयाबीन-तुरीचे तास, शेजारी कुणाची तरी कोंबडी. कागद काढायची सोय नाही. पण काल अडलेले पात्र पुढे काय बोलेल, हे बहुतेक वेळा त्या गाडीतच कळले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नुसते उतरवून घ्यायचे.

जगभर ज्यांनी नोकरी करून लिहिले त्यांची चरित्रे पाहिली तरी हाच हिशेब दिसतो. फ्रान्झ काफ्का प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत १९०८ पासून १९२२ पर्यंत होता. कचेरी दुपारी दोनला सुटे. मग तो झोप काढी आणि रात्री लिहायला बसे. १९१२ च्या सप्टेंबरातल्या एका रात्रीत त्याने एक अख्खी कथा संपवली होती. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये नोकरीला होते. भोवती बस, ट्राम आणि विजेची बिले, आणि कागदावर मात्र कोकण. 'गारंबीचा बापू' १९५२ साली आली, 'रथचक्र' १९६२ साली. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर होते, जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात. आणि इतक्या लांब कशाला जायचे? आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे वाशीमला शाळेत शिकवीत. त्यांच्या 'राघववेळ' या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ साली ते पद्मश्री झाले. शाळेची घंटा त्यांनाही होती, तपासायच्या वह्या त्यांनाही होत्या. शेजारच्या बुलढाण्यात सदानंद देशमुखांनी अध्यापन करीतच 'बारोमास' लिहिली. तिला २००४ चा अकादमी पुरस्कार मिळाला.

तरीही कुणी म्हणेल, ही माणसे नोकरी असूनही मोठी झाली. नोकरी नसती तर आणखी मोठी झाली असती. याला पुरावा काय? नोकरी सोडणाऱ्यांचीही उदाहरणे आहेतच. प्रेमचंदांनी १९२१ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन शिक्षणखात्याची नोकरी सोडली. ते थोरच कृत्य होते. पण त्याने त्यांना निवांत वेळ मिळाला असे मात्र नाही. १९२३ साली त्यांनी बनारसला छापखाना काढला आणि त्याच्या तोट्याने त्यांना जन्मभर पुरते जेरीस आणले. कर्ज फेडायचे म्हणून १९३४ मध्ये ते मुंबईला सिनेमाच्या कंपनीत पटकथा लिहायला गेले आणि वर्षाच्या आत कंटाळून परत आले. आपल्या अमरावतीचे उद्धव शेळके १९६० मध्ये 'धग' लिहून गेले. वऱ्हाडी बोलीतली ती कौतिक आजही वाचकाला सोडत नाही. पुढे लेखणीवरच प्रपंच चालवायचा म्हणून त्यांना भराभर, बाजाराला लागेल तसे लिहावे लागले. नोकरी सोडली की लेखक मोकळा होतो, हे खरे नव्हे. तेव्हा लेखणीलाच नोकरी लागते, आणि तिचा साहेब कोणत्याही तहसीलदारापेक्षा कडक असतो.

माझ्या नोकरीचे तर मी आणखी एक देणे लागतो. कचेरीच्या लाकडी बाकावर जी माणसे येऊन बसतात ती मला एरवी कुठे भेटली असती? काही वर्षांपूर्वी एक म्हातारी आली. नवरा वारला होता, वारसाची नोंद घ्यायची होती. फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवसांच्या मुदतीत दिराने हरकत घेतली आणि प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत गेले. आठ-आठ दिवसांनी ती यायची. कागद फडक्यात बांधलेले, त्याला हळदीचा डाग. एकदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, आमचं नाव लागलं म्हंजे त्याईचं नाव खोडनं लागते काय?" मी सांगितले, "खोडत नाही माय. कंसात ठेवतात." तिने जरा विचार केला. म्हणाली, "कंसात काहून होईना, राहू द्या."

सातबारावरचा कंस मी तोवर हजारो वेळा पाहिला होता. तो पुसून टाकण्याची खूण नसून राहू देण्याची जागा आहे, हे मला त्या दिवशी कळले. कथालेखकाच्या अंगावर अशा वाक्याने काटा उभा राहतो. आणि खरा पेचही तिथेच उभा राहतो. समोर बसलेली बाई हे एक प्रकरण आहे की एक कथा? माझ्यापुरता मी नियम घालून घेतला आहे: आधी नोंद, मग कथा. तिची हरकत निकाली निघून नोंद प्रमाणित होईपर्यंत मी तिच्याविषयी एक ओळ लिहिली नाही. लिहिली तेव्हा गाव बदलले, पीक बदलले, हळदीचा डागही काढून टाकला; फक्त कंस ठेवला. सरकारी नोकराच्या वर्तणुकीच्या नियमांत निव्वळ वाङ्मयीन लेखनाला मोकळीक आहे. पण लोकांची दुःखे आपल्या टेबलावर विश्वासाने येतात, ती परस्पर छापखान्यात पाठवायची नाहीत, हा नियम कुणी लिहून दिलेला नसतो. तो आपला आपणच पाळायचा.

नोकरी आणि लेखन यांचा उघड तंटा वर्षातून एकदाच होतो, तोही नेमका याच अंकापायी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्या दिवसापासून मराठी लेखकाच्या पंचांगात एक ऋतू वाढला. संपादकांचे पत्र आषाढात येते आणि कथा भाद्रपदात हवी असते. आता आमच्याकडचा भाद्रपद कसा असतो ते पाहा. सोयाबीन शेंगांनी लगडलेले असते किंवा कापून शेतात पडलेले असते, आणि परतीचा पाऊस येतो. एका आठवड्यात वर्षाचे पीक काळे पडते. मग नुकसानीचे पंचनामे, त्यांच्या गावनिहाय याद्या, अनुदानाचे तक्ते. रविवार नाही की रात्र नाही. "साहेब, सोयाबीनले शेंगातच कोंब फुटले," म्हणून माणूस मूठ उघडून दाखवत असतो, आणि तुमच्या डोक्यात अर्धवट राहिलेला परिच्छेद असतो. अशा वेळी कथा हरते, आणि तिने हरावेच. एका वर्षी पाऊस पाच दिवस आधी आला आणि माझी कथा राहिली. संपादकांनी पुढच्या वर्षी पुन्हा पत्र पाठवले. त्या शेतकऱ्याच्या यादीतले नाव राहिले असते तर त्याला पुन्हा पत्र कुणी पाठवले असते?

कचेरीचे हे असे जुळते. कारण कचेरीला दरवाजा आहे. सायंकाळी तो बंद होतो. घराला असा दरवाजा नसतो, म्हणून खरा हिशेब घरचाच.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा आम्हां नोकरदार लेखकांचा कुलपुरुष. १८३४ पासून १८६७ पर्यंत तो टपालखात्यात होता आणि सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहून गेला. पहाटे साडेपाचला मेजावर बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द उतरवायचे, असा त्याचा खाक्या. हे सगळे सांगतात. पण आपल्या आत्मचरित्रात त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याला पहाटे उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा मोतद्दार होता. या कामाचे त्याला सालाचे पाच पौंड जादा मिळत. तो एक दिवसही चुकला नाही, आणि आपल्या यशाबद्दल इतर कुणाहीपेक्षा कदाचित त्याचेच ऋण जास्त मानायला हवे, असे ट्रोलोप म्हणतो. मला ट्रोलोपच्या सत्तेचाळीस कादंबऱ्यांइतकेच हे एक वाक्य मोलाचे वाटते.

माझ्या घरी मोतद्दार नाही. पहाटेचा चहा मीच करतो, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण सहा वाजता मी कागद मिटतो तेव्हा नळाचे पाणी भरलेले असते, मुलांचे डबे निम्मे झालेले असतात आणि म्हाताऱ्या आईला औषध मिळालेले असते. माझा दीड तास आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी आपल्या अंगावर घेतलेला असतो. सौ. शिवणकाम करते. दिवाळीच्या आधी तिच्याकडेही 'अंक' असतात, ब्लाउजांचे. तिचीही मुदत धनत्रयोदशीची, आणि तिचे गिऱ्हाईक माझ्या संपादकांइतके सोशिक नाही. त्या पंधरवड्यात पुढच्या खोलीत माझी लेखणी आणि मागच्या खोलीत तिचे यंत्र अशी जुगलबंदी चालते. मानधनाचा विचार केला तर यंत्राचे पारडे पुष्कळच जड. एकदा ती हसत म्हणाली, "तुमच्या कथेला अस्तर लावलं असतं तर दोन पैसे जास्त मिळाले असते." या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे, टीकाकारांनी सांगितलेल्या दोषांत इतका नेमका दोष मला आढळला नाही.

राजशेखराने एके ठिकाणी स्पष्ट म्हटले आहे की पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होतात. संस्कार आत्म्यावर असतो, तो बाई-पुरुष असा भेद पाहत नाही. त्याची पत्नी अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती, आणि तिची मते त्याने ग्रंथात नावानिशी दिली आहेत. पण स्त्री दत्तावसर झाली तर तिच्या पहाटेच्या अर्ध्या प्रहराचे काय, हे त्याने सांगितलेले नाही. मालतीबाई बेडेकरांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून काम केले; सरकारने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमातींची ती वसाहत होती. त्या अनुभवातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. त्याच्या आधी, १९३३ साली, 'विभावरी शिरूरकर' हे नाव घेऊन त्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' लिहिले, तेव्हा कोण गहजब झाला होता! पेंडसे, दळवी, माडगूळकर यांना नोकरी होती हे आपण कौतुकाने सांगतो. मालतीबाईंना नोकरी होती, घर होते आणि वर स्वतःचे नाव झाकून ठेवण्याचे कामही होते. अशा तिहेरी ओझ्याखाली ज्यांची लेखणी उचललीच गेली नाही, अशा किती जणी असतील, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.

घराचे ऋण नुसते वेळेचे असते तर चहा करून फिटले असते. ते अवघड होते ते निराळ्याच ठिकाणी. सौ.च्या माहेरी एक वाटणी झाली. भाऊ-भाऊ, एक विहीर आणि विहिरीवरचे एक कडुलिंब. जे झाले ते मी जवळून पाहिले होते, आणि त्यावर मी एक कथा लिहिली. माझ्या हातून झालेल्या कथांत ती उजवी आहे, असे मला आजही वाटते. पाठवण्यापूर्वी मी ती सौ.ला वाचून दाखवली; ही आमची रीत आहे. शेवटपर्यंत तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "चांगली झाली. मधल्या भावाचा तो हात थरथरतो तिथे तर मला रडू आलं. पण अहो, ही छापू नका. मला भाऊबीजेला जायचं असतं."

नावे बदलता आली असती, गाव बदलता आले असते. म्हातारीच्या कथेत मी तेच केले होते. पण म्हातारी ती कथा वाचणार नव्हती आणि भाऊ वाचणार होता. थरथरणारा हात बदलला असता तर कथा उरली नसती, आणि तो ठेवला असता तर भावाने तो ओळखला असता. एका बाजूला आठ पानांची कथा होती, दुसऱ्या बाजूला एका बहिणीचे ओवाळणीचे ताट. कथा पेटीत आहे. दरवर्षी एखादे संपादक विचारतात, 'यंदा जरा दमदार काही द्या,' तेव्हा मला ती आठवते, आणि मी दुसरे काहीतरी पाठवतो. लेखकाने सत्याशी तडजोड करू नये, असे तरुणपणी मीही मोठ्याने म्हणत असे. आता वाटते, सत्य लिहावेच. पण ते छापण्याची किंमत जर दुसऱ्याच्या ताटातून वसूल होणार असेल तर त्याची संमती लागते. सातबारावर एकत्र खाते असले तर एकट्याच्या सहीने विक्री होत नाही. घरातली आठवणही अशीच सामाईक खात्यावर असते.

म्हणून त्या तिघांना द्यायचे उत्तर मला 'दत्तावसर' या शब्दातच मिळाले आहे. मी वेळ चोरत नाही, आणि मला तो फावलेलाही नसतो. दत्त म्हणजे दिलेला. दिलेला म्हटला की देणारा आला, आणि देणाऱ्याने काय बाजूला ठेवून तो दिला, हेही आले. कचेरी मला माणसे देते आणि त्यांच्या बदल्यात सचोटी मागते. घर मला दीड तास देते आणि त्याच्या बदल्यात कधी एखादी कथा परत मागून घेते. हा व्यवहार महाग आहे असे मला वाटत नाही. माझ्या दोन संग्रहांत जे थोडे टिकण्यासारखे असेल ते या देण्याघेण्यातूनच आले आहे.

काव्यपुरुषाचा विवाह वत्सगुल्मात झाला, एवढे सांगून राजशेखराची कथा पुढे निघून जाते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाणी कोण भरायला गेले आणि लिहायला कोण बसले, ते तो लिहीत नाही. आमच्या घरी यंदा पौष लागला, ब्लाउजांची गर्दी ओसरली, की पहाटेच्या आठवड्यातल्या दोन पाळ्या सौ.च्या नावे करायच्या असे ठरले आहे. तिला आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून काढायच्या आहेत. त्या दोन दिवशी पाणी मी भरणार आहे. डबे जमतील तसे.